टोपी घालून पाहणारी बाई

प्रोफेसर विल्गांनी हातातली काठी चित्रातल्या बाईच्या नाकाशी नेली आणि म्हणाले, "हे हसू पाहा. नीट पाहा. असलं हसू फितुराच्याच तोंडावर येतं."

जमलेल्या मंडळींनी नीट पाहिलं. न पाहून करतात काय? क्राकोवमध्ये विल्गांनी एखाद्या चित्राचा अर्थ लावला की तो कायमचा लागला. खुद्द चित्रकार थडग्यातून उठून आला असता तरी त्याचं कुणी ऐकलं नसतं. आणि हा चित्रकार, अल्फोन्स ग्रोदेक, खरोखरच थडग्यात होता, तिकडे म्युनिकला. जिवंत होता तोवर इथं त्याला कुत्रं विचारत नव्हतं. मेल्यावर त्याची चित्रं खोक्यांत भरून मायदेशी आली, बाजारचौकातल्या दालनात टांगली गेली, आणि जानेवारीच्या त्या पहिल्या रविवारी प्रार्थना आटोपून गावातली सगळी बडी मंडळी तिथं लोटली.

त्या गर्दीत ओतिलिया उभी होती. तिच्या एका बाजूला तिची एकुलती एक लेक तेक्ला. दुसऱ्या बाजूला तेक्लाचा होणारा नवरा लुद्विक रोगाला. आणि त्यांच्या पुढ्यात, काळ्या झग्यात ताठ, लुद्विकची आई पेत्रोनेलाबाई. महिनाअखेरीला साखरपुडा ठरला होता. ठरला होता म्हणजे काय, पेत्रोनेलाबाईंनी वर्षभर ताटकळत ठेवून मग एकदाचा होकार दिला होता. ओतिलियाचा नवरा औषधांचं दुकान चालवायचा; तो गेला, दुकान गेलं, राहिली ही मायलेकींची जोडी. ना घराण्याचं नाव, ना हुंडा. लुद्विक पोरीवर भाळला म्हणून हे जमलं. हे मोडलं तर तेक्लाला दुसरं असं स्थळ जन्मात येणार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तेक्लाला दुसरं नकोच होतं. लुद्विकने नुसतं हातमोजा काढून हात पुढे केला तरी तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

"चित्राचं नाव 'टोपी घालून पाहताना'," विल्गा सांगू लागले. "साल पाहा. अठराशे त्रेसष्ट. गाव वॉर्सा. आता मला सांगा, त्या साली वॉर्सात आपल्या बायका कोणत्या रंगात होत्या?"

"काळ्या," बायकांनी एका सुरात उत्तर दिलं. शाळेतली पोरं देतात तसं.

हे क्राकोवात कुणाला शिकवावं लागत नाही. झारच्या शिपायांनी वॉर्सात रस्त्यावर माणसं मारली तेव्हापासून पोलंडच्या बायकांनी देशाचं सुतक धरलं होतं. काळा झगा, काळा हातरुमाल, सोनंनाणं पेटीत आणि गळ्यात लोखंडाचा क्रूस. मग बंड झालं, जानेवारीच्या बर्फात पोरं जंगलात गेली, निम्मी परत आली नाहीत, आणि काळा रंग अंगाला कायमचा चिकटला. त्या दिवसांत एखादी रंगीत झगा घालून निघाली की तिच्या पाठीवर तेजाब पडायचं. पेत्रोनेलाबाईंचे यजमान बंडात पकडले गेले आणि सैबेरियाच्या वाटेवर वारले. त्या बाईंनी आजतागायत काळं सोडलेलं नव्हतं, आणि ते कुणी विसरलेलं त्यांना खपत नसे.

"आणि ही?" काठी पुन्हा उचलली गेली. "जांभळं रेशीम. हातात तांबड्या फितीची टोपी. समोर आरसा. मागे खिडकी, खिडकीबाहेर आपल्या हुतात्म्याची प्रेतयात्रा चाललीय, आणि हिची खिडकीकडे पाठ. म्हणजे कुणाकडे पाठ? देशाकडे. अहो, कोपऱ्यातलं कुत्रंसुद्धा खिडकीकडे बघतंय. आता हिच्या पायाशी पाहा. काळ्या कपड्यातली गरीब शिवणकरीण, गुडघे टेकून हिच्या झग्याच्या घेराला टाचण्या लावतेय. तोंड दिसत नाही तिचं. चित्रकाराने ते मुद्दाम दाखवलेलं नाही. कारण ती एक बाई नव्हेच. ती वाकलेली पाठ, ती आपली माय आहे. आपली मायभूमी."

दोन-तीन बायकांनी डोळ्यांना रुमाल लावले. तेक्लाचेही डोळे भरून आले.

ओतिलियाला मात्र हसावं की रडावं कळेना. कारण ती जांभळ्या झग्यातली बाई ती स्वतः होती. आणि ती वाकलेली मायभूमीही तीच होती.

ग्रोदेककडे दोन मॉडेलना द्यायला पैसे कुठले? त्याच्याकडे एकीलाच द्यायला जेमतेम असत, आणि तेही नसले की तो शेगडीत भाजलेले बटाटे देई. फेलिक्स, तिचा भाऊ, जंगलात गेला होता. वडील बुकबांधणी करायचे ते आधीच वारलेले, आई अंथरुणाला खिळलेली, घरात चूल पेटायची मारामार. खालच्या मजल्यावरच्या धोबिणीने सांगितलं, वर माळ्यावर एक चित्रकार आहे, नुसतं बसायचे पैसे देतो, माणूस वेडा आहे पण हात लावत नाही. ओतिलिया वर गेली. आधी ती जांभळा झगा घालून आरशापुढे उभी राहिली, मग आपल्याच काळ्या झग्यात जमिनीवर गुडघे टेकून बसली. ते हसू, ज्याला विल्गा फितुरी म्हणत होते, ते बटाट्यांचं होतं. शेगडीतून वास सुटला होता आणि ग्रोदेक म्हणाला होता, आणखी थोडा वेळ हलू नकोस, मग दोन्ही तुझे. राहिली खिडकी. त्या माळ्यावर तिच्या मागे खिडकी नव्हतीच. मागे दोरीवर ग्रोदेकची पाटलोण वाळत असे. ती प्रेतयात्रा त्याने पुढे म्युनिकला बसून, आपल्या मनाने घातली.

आणि ती वाकलेली पाठ. ती काढायला घेतली त्याच्या आदल्या दिवशी फेलिक्सची बातमी आली होती. आईला औषध हवं होतं म्हणून ती तरीही माळ्यावर गेली. ग्रोदेकने तिच्या तोंडाकडे पाहिलं, काही विचारलं नाही, आणि म्हणाला, "तिकडे तोंड करून बस." एवढाच शहाणपणा त्या माणसाने आयुष्यात केला असेल.

हे सगळं तिने नवऱ्याला लग्नाआधी सांगितलं होतं. तो भला माणूस, त्याने ऐकून घेतलं आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. तेक्लाला सांगायचं राहून गेलं. कोणत्या तोंडाने सांगणार? मॉडेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जे उभं राहतं ते राहतं.

पेत्रोनेलाबाई चित्राच्या अगदी जवळ गेल्या. त्यांनी दांडीचा चष्मा डोळ्यांना लावला आणि आरशातला चेहरा निरखला. त्या बाईची डावी भुवई उजवीपेक्षा वर चढलेली होती. मग त्या वळल्या आणि त्यांनी तोच चष्मा ओतिलियाच्या भुवयांवर रोखला. मग तेक्लाच्या. मग चष्मा मिटून पर्समध्ये ठेवला.

"ओतिलियाबाई," जिना उतरताना त्या म्हणाल्या, "उद्या चहाला या. पोरीला आणू नका."

घरी आल्यावर तेक्ला डोक्यावरची टोपी काढता काढता म्हणाली, "काय गं बाई ती. मला तर तिच्या तोंडाकडे बघवेना. बाहेर माणसं मेलीत आणि ही मुरडतेय. आई, अशा खरंच होत्या का गं बायका?"

"असतील," ओतिलिया म्हणाली.

"तू वॉर्साची ना? तुझ्या ओळखीत होती का अशी कुणी?"

"मला काय ओळखी असायच्या. हात धू आणि बीट सोलायला घे."

पोरीने ओळखलं नाही. पोरींना आपली आई कधी विशीची होती हे कुठं ठाऊक असतं. त्यांच्या लेखी आई जन्मली तीच चाळिशीची, हातात पळी घेऊन.

दुसऱ्या दिवशी पेत्रोनेलाबाईंच्या बैठकीत मोलकरणीने चहाचे पेले ठेवले, बशीत चेरीचा मुरंबा आणि खसखशीचा केक ठेवला, आणि दार ओढून घेतलं. भिंतीवर यजमानांची तसबीर होती, तिच्यावर काळी जाळी. खाली त्यांच्या पायातल्या बेडीचा एक दुवा, मखमलीवर मांडलेला. या खोलीत कुणी मोठ्याने बोलत नसे.

"ती तुम्ही आहात," पेत्रोनेलाबाई म्हणाल्या.

रात्रभर ओतिलियाने नाही म्हणायची तालीम केली होती. अहो भुवया काय, दहा जणींच्या अशा असतात. पण या बाईच्या तोंडून ते ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. फितूर म्हणवून घ्यायचं? तिने? सख्खा भाऊ मातीत घालून?

"मी आहे," ती म्हणाली. "पण ते लोक समजतात तसं नाही."

"कसं आहे मग?"

मग तिने सांगितलं. सगळं सांगितलं. माळा, ग्रोदेक, आईचं अंथरूण, फेलिक्स. दोन्ही बायका आपणच ते. आणि पुरावा हवा असेल तर तोही चित्रातच आहे. ग्रोदेकचा तो जांभळा झगा कुठल्याशा नाटक मंडळीने टाकून दिलेला, कुणा जाडजूड बाईच्या मापाचा. माळ्यावर कडाक्याची थंडी, आणि शिवाय फेलिक्स परत येईतो काळं उतरवायचं नाही असा तिचा नेम. म्हणून तिने काळ्या झग्यावरच तो चढवला आणि ग्रोदेकने पाठीमागून टाचण्या मारून बसवला. टोपी धरायला हात वर केले की जांभळ्या बाहीतून काळी बाही डोकावायची. ग्रोदेक वेडा असला तरी समोर दिसेल ते इमानाने काढायचा. डाव्या मनगटाशी पाहा.

पेत्रोनेलाबाईंनी पेला खाली ठेवला. "काळी पट्टी आहे खरी," त्या सावकाश म्हणाल्या. "मी पाहिली. विल्गा म्हणाले ती पापाची सावली."

"सावली कसली. माझी बाही आहे."

"पटलं मला."

ओतिलियाचा जीव भांड्यात पडला. तिने पेला उचलला, चहाचा घोट घेतला, मुरंबाही तोंडात टाकला. कालपासून तिच्या पोटात अन्न नव्हतं.

"म्हणजे तुम्ही मॉडेल होतात," पेत्रोनेलाबाई म्हणाल्या.

"काही महिने."

"पैसे घेऊन."

"कधी पैसे, कधी बटाटे."

"एका परक्या माणसासमोर. माळ्यावर. एकट्या."

"अहो बाई, अंगावर एकावर एक दोन झगे होते. आज या खोलीत मी जेवढी झाकलेली आहे त्याच्या दुप्पट झाकलेली होते."

"किती झगे होते हे कोण विचारायला येणार आहे?" पेत्रोनेलाबाईंचा आवाज चढला नाही, त्यांचा आवाज कधी चढत नसे. "रोगाल्यांच्या घरात सून येते तेव्हा लोक विचारतात, आई कोण? मी काय सांगू? हिची आई चित्रकारांच्या माळ्यावर तासावर बसायची?"

"मी फितूर नव्हते एवढं सांगा."

"ओतिलियाबाई, तुम्ही फितूर असतात तर बरं झालं असतं."

ओतिलियाला वाटलं आपल्या ऐकण्यात चूक झाली. पण पेत्रोनेलाबाई पुढे बोलत होत्या, अगदी शांतपणे, एखाद्या मोलकरणीला काम समजावून द्यावं तसं. "काल घरी आल्यावर मी खूप विचार केला. मला वाटलं, ही चांगल्या घरातली, लाडावलेली पोर असेल. वय वेडं. काळं घालून घालून कंटाळली असेल, आरशापुढे उभी राहिली असेल. चुकली. वाईट चुकली. पण पदरी पश्चात्ताप आहे. अशा बाईला क्षमा करता येते, आणि मी करायचं ठरवलं होतं. पापाला क्षमा असते हो. पोटासाठी केलेल्या गोष्टीला काय असतं? तिची तर माफीसुद्धा मागता येत नाही."

"मग मोडता का लग्न?" ओतिलियाने विचारलं.

"मोडायचं असतं तर चहाला बोलावलं असतं का? लुद्विक ऐकणार नाही. घर सोडील, पण पोरीला सोडणार नाही, तो बापावर गेलाय. आणि काल जिन्यात न्यायाधीशांच्या बायकोने मला विचारलं, तुमच्या विहीणबाई आणि ती चित्रातली, फार साम्य आहे नाही? म्हणजे उद्या गावभर होणार. काहीतरी सांगावं लागणारच. मी सांगेन ते तुम्ही नाकारायचं नाही, एवढंच तुमच्याकडे मागणं आहे."

"काय सांगणार?"

"की ती तुम्ही. वॉर्सातल्या बड्या घरची मुलगी. वडिलांनी हौसेने चित्र काढवून घेतलं."

"माझे वडील बुकबांधणी करायचे."

"आता नव्हते करत."

"आणि फेलिक्स? माझा भाऊ बंडात गेला हे गावाला ठाऊक आहे. त्याचं काय करू? तोही नव्हता?"

पेत्रोनेलाबाईंनी क्षणभर विचार केला. बाई हुशार, यात शंका नाही. "राहू दे त्याला," त्या म्हणाल्या. "उलट बरंच आहे. भाऊ जंगलात आणि बहीण आरशापुढे. लोकांच्या काळजाला हात घालील. बावीस तारखेला हुतात्म्यांची प्रार्थना आहे. ती झाली की तुम्ही आमच्या काळ्या मंडळातल्या, अजून सुतक पाळणाऱ्या बायकांपुढे यायचं आणि एकेकीचा हात धरून क्षमा मागायची. मी पहिली क्षमा करीन. मी केल्यावर कोण नाही म्हणतंय ते बघते. मग साखरपुडा."

"असं कुणी कधी केलंय?"

"नाही. पण शोभेल."

ओतिलिया उठली. तिला त्या मखमलीवरचा बेडीचा दुवा उचलून त्या बाईच्या डोक्यात घालावासा वाटला. एकवीस वर्षं जिच्या काळ्या झग्याला लोक वाट करून देत आले, तिच्या घरी त्या दिवसांत मोलकरणी होत्या, लाकडं होती, पोटभर जेवून काळं घालायची सोय होती. आणि ओतिलियाने उपाशीपोटी काळं घातलं त्याचा हिशेब कुणाच्या दरबारात नव्हता. हे सगळं तिच्या जिभेवर आलं होतं.

"तेक्लाला मी खरं सांगीन," ती एवढंच म्हणाली.

"सांगू नका. पोरीच्या पोटात काही राहत नाही, ती लुद्विकला सांगणार, लुद्विक त्याच्या मित्रांपुढे तुमची बाजू घेऊन भांडणार, आणि संध्याकाळपर्यंत तो माळा अख्ख्या गावाच्या तोंडी होणार. मग मी हात वर करीन." पेत्रोनेलाबाईंनी तिच्याकडे केकची बशी सरकवली. "लेकीचं भलं कशात आहे ते तुम्हीच बघा, विहीणबाई."

ओतिलियाने पाहिलं. लेकीच्या कानाच्या लाल पाळ्या पाहिल्या. विधवेची लेक, बिनहुंड्याची, पुढे कुणाच्या तरी घरी पोरांना फ्रेंच शिकवत म्हातारी होणारी, हेही पाहिलं. आणि ती हो म्हणाली.

बावीस तारखेला बर्फ पडत होतं. प्रार्थना झाली, मेलेल्यांची नावं वाचली गेली. फेलिक्सचं नाव त्यांत होतं. दरवर्षी ते नाव आलं की ओतिलिया छातीवर क्रूस काढायची. त्या दिवशी तिने हात उचलला आणि बाजूची बाई तिच्याकडे अशा नजरेने पाहू लागली की तिने तो तसाच खाली घेतला. बातमी पसरलेली होती.

मागच्या दालनात काळ्या मंडळातल्या बायका ओळीने उभ्या होत्या. पेत्रोनेलाबाईंनी तिला सगळ्यांसमोर मिठी मारली आणि गालाला गाल लावला. मग ओतिलिया एकेकीपुढे जाऊ लागली. मी चुकले, मला क्षमा करा. मी चुकले, मला क्षमा करा. पहिल्या दोघींपुढे जीभ अडखळली, मग सवय झाली. कुणी तिचे हात कुरवाळले. कुणी नाक मुरडून बोटांची टोकं तेवढी पुढे केली. न्यायाधीशांची बायको तर हुंदके देऊन रडली; त्या बाईला इतकी मजा कितीतरी वर्षांत आली नसेल. या मंडळातल्या निम्म्या जणींनी बंडाच्या साली फ्रॉकमध्ये शाळेला जाण्यापलीकडे काही केलेलं नव्हतं. पण क्षमा करायला सगळ्या पुढे.

ओळीच्या शेवटी खुर्चीवर एक म्हातारी बसली होती, वॉर्साचीच, डोळ्यांनी अधू. तिने ओतिलियाचा हात चाचपून घट्ट धरला. "जांभळा झगा ना?" ती म्हणाली. "मी तेजाबाची बाटली घेऊन हिंडायचे त्या साली. सापडली असतीस तर सोडली नसती हो तुला."

"मला क्षमा करा, आजी," ओतिलिया म्हणाली.

"केली. जा. फार गाजत होतीस का गं तेव्हा? मी एवढी हिंडले, मला कशी दिसली नाहीस?"

"मी फारशी बाहेर पडत नव्हते."

दाराशी प्रोफेसर विल्गा वाट पाहत उभे होते. त्यांनी वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं. त्या दिवसापर्यंत त्यांनी तिला कधी मान लववूनही ओळख दिली नव्हती. "बाई, तुमचं हे धैर्य," ते म्हणाले. "आता एकच सांगा. माझ्या लेखासाठी. ते हसू. त्या क्षणी तुमच्या मनात नेमकं काय होतं?"

मीठ नव्हतं, हे तिच्या मनात होतं. दोन बटाटे मिळणार आणि घरात मीठ नाही.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"बरोबर," विल्गा म्हणाले. "रिकामं मन. मी तेच लिहिलंय."

साखरपुड्याच्या दिवशी सकाळपासून घरात धांदल होती. रोगाल्यांकडून आलेली कार्प मासळी परातीत पडली होती, ओतिलिया तिच्या पोटात कांदा भरत होती, आणि तेक्ला नव्या झग्याची बटणं लावता लावता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. प्रार्थनेच्या दिवसापासून ती आईशी कामापुरतं बोलत होती. मीठ दे, दार लाव, येते. भांडली नव्हती. भांडली असती तर बरं.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"लुद्विकच्या आईंनी मला सगळं नीट समजावलं. म्हणाल्या, आईचा राग धरू नकोस, तिने मोठ्या मनाने कबूल केलं. मी राग धरत नाही. फक्त एकच कळत नाही." ती थांबली. "फेलिक्समामा गेला त्याच महिन्यातलं ना ते चित्र? म्हणजे तुला तो गेल्याचं कळलं होतं. आणि तरी तू चित्रासाठी उभी राहिलीस? खरंच तू टोप्या घालून पाहत होतीस?"

ओतिलियाने हात पुसले. शब्द तोंडाशी आले होते. सांगून टाकावं. अगं वेडे, ती वाकलेली पाठ, जिच्यासाठी तू रडलीस, ती कुणाची? एका दमात सांगून होईल. बाहेर रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज झाला. तेक्लाची नजर लगेच खिडकीकडे गेली आणि तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लुद्विक आला होता.

"हो," ओतिलिया म्हणाली.

तेक्लाने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. ती बाहेरच्या खोलीत गेली. तिथं कपाटावर, भिंतीला, फेलिक्सचा फोटो होता. जंगलात जाण्याआधी काढलेला, उसन्या कोटातला, एकुलता एक. तेक्ला टाचा उंचावून तो काढू पाहत होती.

"हा मी माझ्याबरोबर नेते, आई," ती म्हणाली. "तुझ्याकडे नको. तिकडे त्याला मानाने ठेवतील, लुद्विकच्या बाबांशेजारी."

फोटो उंच होता, तिचा हात पुरेना, आणि नव्या झग्याच्या बगलेची शिवण ताणली जात होती.

"थांब, झगा उसवेल," ओतिलिया म्हणाली. तिने स्टूल ओढलं, वर चढून फोटो काढला, बाहीने काच पुसली आणि लेकीच्या हातात दिला.